येता-जाता एक घास

पडदेवालीने मशरूमचं देठ अंगठ्याने पिळून काढलं, पोकळीत अक्रोड-लसणाचं वाटण बोटाने दाबून बसवलं आणि ते ताटलीच्या कडेला ठेवून पुढचं उचललं. बाहेर जिन्यावर बुटांचा आवाज झाला तसे तिचे हात जरा भरभर चालू लागले. शाळा सुटली होती. कुलूप उघडलं, दप्तर नेहमीच्या जागी म्हणजे जमिनीवर आदळलं, आणि साळू येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. कुणी बोलावल्याशिवाय आत यायचं नाही आणि बोलावलं तर मुळीच यायचं नाही, असा तिचा रिवाज होता.

"यात दूध-लोणी नाही ना?" साळूने विचारलं.

"नाही."

दारालगतच्या टेबलावर भाजून झालेल्या मशरूमची ताटली होती. साळूने त्यातलं एक उचललं, तोंडात टाकलं आणि चावत चावत आपल्या खोलीकडे गेली. दार लागलं. थोड्या वेळाने ते पुन्हा उघडणार होतं. साळू पाणी प्यायला येणार होती आणि जाताना आणखी एक मशरूम नेणार होती. मग पेन्सिलीला टोक करायला, मग पुन्हा पाणी. पडदेवालीला हे सगळं पाठ झालं होतं. ती ओट्याकडे तोंड करून आपलं काम करत राहिली, कारण तिने वळून पाहिलं तर साळू हात मागे घेत असे.

दिवसभरात त्या दोघींमध्ये बोलणं व्हायचं ते एवढंच. एक प्रश्न आणि एक उत्तर. पण ते रोज व्हायचं, आणि पडदेवाली दुपारपासून त्याची वाट पाहायची. आपण बारा-तेरा वर्षांच्या पोरीच्या एका वाक्यासाठी असे झुरतो याची तिला लाज वाटायची, तरी ती वाट पाहायचीच.

जन्मली तेव्हा साळूचे केस साळिंदराच्या काट्यांसारखे उभे होते, म्हणून बापाने तिला ते नाव ठेवलं. पुढे केस बसले आणि काटे स्वभावात गेले, असं शेजारीण म्हणायची. आई गेली तेव्हा ती दुसरीत होती. बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं बाहेर काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण घरातल्या दोघी अशा अडकून बसल्यावर त्याचं काही चालेना. त्याचं पडदेवालीशी लग्न जमलं तेव्हा तिने त्याला विचारून ठेवलं होतं, "तिला काय आवडतं?" यंत्राबद्दल विचारलं तर तो तासभर बोलेल, माणसांबद्दल विचारलं की डोकं खाजवतो. बराच विचार करून त्याने सांगितलं, "दूध-सायीत भाजलेले बटाटे." ते कोण करायचं हे त्याने सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. नव्या घरातल्या दुसऱ्याच संध्याकाळी तिने मोठ्या हौसेने बटाट्याच्या पातळ चकत्या रचल्या, वर साय ओतली, लोण्याचे तुकडे पेरले आणि तो सगळा प्रकार सोनेरी होईपर्यंत भाजला. ताट समोर आलं तशी साळू त्याच्याकडे बघतच राहिली. करपलं की काय, असं पडदेवालीला वाटलं.

"मी दूध खात नाही," साळू म्हणाली. "लोणी पण नाही. मी व्हीगन आहे."

"कधीपासून?" बापाने विचारलं.

"आजपासून."

"म्हणजे शाकाहारीच ना?"

"नाही. मध पण नाही," असं सांगून ती उठली.

ते बटाटे तिची आई करायची, हे पडदेवालीला पुढे शेजारणीकडून कळलं. तेव्हा तिला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण माफी मागायची तर कशाची मागायची? आणि मागायला साळू समोर थांबायला तर हवी.

मग तिने आपल्या पडदे शिवायच्या धंद्यात करायची तेच केलं. गिऱ्हाइकाने निळा म्हटलं की निळा. आपल्याला हिरवा शोभून दिसेल असं वाटत असलं तरी वाद घालायचा नाही. साळूने दूध नको म्हटलं होतं, तर घरात दूध नको. तिने आपला चहासुद्धा कोरा केला. नवऱ्याने दोन दिवस तोंड वाकडं केलं आणि तिसऱ्या दिवशी कामाच्या ठिकाणी पिऊ लागला.

स्वयंपाक जमायला मात्र वेळ लागला. सोयाबीनचं दूध उकळताना फाटलं. काजू भिजत घातले ते विसरली आणि ते आंबले. एकदा तिने काजूचंच चीज करायचं मनावर घेतलं. त्याचा जो गोळा झाला तो नवऱ्याने हातात घेऊन खालीवर करून पाहिला.

"हे खायचंय की खिडकीची काच बसवायला लावायचंय?" त्याने विचारलं, आणि मग बायकोचा चेहरा पाहून अर्धा गोळा खाल्लाही.

साळू मात्र कशालाच हात लावत नव्हती. वाढलेलं ताट तसंच परत यायचं. ती खोलीत बसून सुका पाव आणि शेंगदाणे खायची. वाटायचं, पोरगी अशानं वाळून जाईल. पडदेवालीची एक सवय होती. महागाचं कापड कापण्याआधी ती चिंधीवर शिवून बघायची. तसंच तिने एकदा बटाट्याची टिकी करण्याआधी रुपयाएवढ्या चार-पाच टिक्या नमुना म्हणून भाजल्या आणि बशीत निवत ठेवल्या. तेवढ्यात दाराशी कापडाचे तागे घेऊन माणूस आला. ती सही करून परत आली तर बशीतल्या दोन टिक्या गायब. साळूच्या खोलीचं दार नुकतंच लागलं होतं.

त्या दिवशी तिला कळलं की आपलं कुठे चुकत होतं. ताटावर बसणं म्हणजे तह करणं. साळू तह करणार नव्हती. येता-जाता एक उचलून तोंडात टाकण्यात मात्र कसलीच कबुली नव्हती. तेव्हापासून पडदेवालीने साळूसाठी जेवण करणं सोडलं आणि घासाघासाचं करायला लागली. बिटाच्या चकतीवर काजूची मलई. भाजलेल्या पावाच्या तुकड्यावर वाटलेले चणे आणि लिंबू. भोपळ्याचे चौकोनी तुकडे, वर तीळ. टोमॅटो पोखरून त्यात भात. शिवाय कधीही एक ताटली ठेवायची नाही, दोन ठेवायच्या. पडदा हवा का, असं गिऱ्हाइकाला विचारलं तर ते विचार करून सांगतो म्हणतं आणि जातं. हा हवा की तो, असं विचारलं की बोट ठेवतं. साळूही बोट ठेवू लागली. कुठली ताटली आधी रिकामी होते हे बघून पडदेवाली दुसऱ्या दिवशीचं ठरवायची. महिन्याभरात पोरीच्या गालावर थोडं मांस आलं. आणि एका दुपारी दारातून प्रश्न आला, "यात दूध-लोणी नाही ना?" साळूने तिला विचारलेला तो पहिला प्रश्न.

अशी गाडी रुळावर येत होती आणि नेमकं तेव्हाच ते झालं.

शाळेच्या रस्त्यावर एका घरात पडदे लावायचं काम होतं. तिसरा मजला, मोठी खिडकी. पडदेवाली स्टुलावर चढून, कड्या ओठांत धरून एकेक अडकवत होती. खाली रस्त्यापलीकडे बेकरी होती. बेकरीच्या पायरीवर तीन मुली उभ्या होत्या आणि मधली साळू होती. तिच्या हातात क्रीमने भरलेला पफ होता. ती तो दोन्ही हातांनी धरून खात होती, डोळे मिटून. क्रीम नाकाला लागलं. मैत्रिणी हसल्या. साळूने ते बोटाने पुसलं आणि बोट चाटलं, अगदी मुळापासून शेंड्यापर्यंत.

"काय झालं हो?" घरच्या बाईंनी विचारलं.

पडदेवालीने ओठांतल्या कड्या हातात घेतल्या.

"काही नाही. एक कडी कमी वाटली."

घरी चालत येताना तिला आधी हसू आलं. म्हणजे आपण सोयाबीन काय, काजू काय, सगळा आटापिटा करत होतो आणि ही बेकरीत बोटं चाटते आहे. मग हसता हसता रडू आलं. फसवणूक झाली याचं तिला एवढं वाटलं नाही. मुलं फसवतातच, तीही लहानपणी आपल्या आईला फसवायची. बेकरीवाल्याच्या हातचं दूध चालतं, मैत्रिणीच्या डब्यातलं चालत असेल, जगात सगळ्यांच्या हातचं चालतं आणि आपल्याच हातचं चालत नाही, याचं तिला फार वाईट वाटलं. रस्त्यात एक दुकान लागलं. तिने आत जाऊन लोण्याचं पाकीट घेतलं आणि पदराखालून चोरून आणावं तसं घरी आणलं.

संध्याकाळी नवरा हात धूत होता तेव्हा तिने सांगायला तोंड उघडलं होतं.

"लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना तू काय सांगतोस रे?" तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"बटणं दाबू नका म्हणून सांगतो."

"मग?"

"मग काय, सगळे दाबतातच," तो म्हणाला आणि टॉवेल शोधू लागला.

दुसऱ्या दिवशी तिने बटाट्याच्या टिक्या चांगल्या लोण्यावर भाजल्या. कडा खरपूस झाल्या. घरभर वास सुटला तसा तिने खिडकी उघडून तो घालवला. तिने वाक्यही तयार ठेवलं होतं. साळू दारात येऊन विचारेल, आणि ही म्हणेल, "का गं, त्या पफला विचारलं होतंस का?" एकदाचा सोक्षमोक्ष होऊन जाईल. जिन्यावर बूट वाजले, दप्तर आदळलं. साळू दारात आली.

"यात दूध-लोणी नाही ना?"

पडदेवालीने मागे वळून पाहिलं. साळूच्या वेणीची एक बट सुटून कानावर आली होती. चेहऱ्यावर दिवसभराची धूळ होती. ती उत्तराची वाट पाहत होती. आत्ता जर हे वाक्य बोललं तर उद्या हा प्रश्न येणार नाही, हे पडदेवालीला स्वच्छ दिसलं. प्रश्न गेला तर मग या घरात तिच्याशी बोलणारं कोण राहणार होतं?

"नाही," ती म्हणाली.

साळूने एक टिकी तोंडात टाकली. क्षणभर तिचं चावणं थांबल्यासारखं वाटलं, की तसा भास झाला, कोण जाणे. मग तिने आणखी एक उचलली आणि गेली. त्या दिवशी ती बऱ्याच वेळा पाणी प्यायला आली.

पुढे हे चालूच राहिलं. पडदेवाली रोज लोणी वापरत नसे. कधी एका ताटलीत असायचं, कधी दोन्हींत नसायचं. पण टिक्यांना लागायचं, पावाला लागायचं. ताकाला जाऊन भांडं लपवणारी एक होती, आता दोघी झाल्या. रोज प्रश्न यायचा आणि रोज ती नाही म्हणायची. चांगल्या बाईने असं खोटं बोलू नये. पण ताटल्या रिकाम्या होत होत्या, साळूची कोपरं आता टोचतील अशी दिसत नव्हती, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून तिने मनाची समजूत घातली होती. लोण्याचं पाकीट ती पिठाच्या डब्यामागे ठेवायची.

मग एका शुक्रवारी जिन्यावर बुटांचे दोन जोड वाजले.

साळूबरोबर एक मुलगी होती. बारीक, मोठ्या चष्म्याची, खांद्याला दप्तर आणि दप्तराला बाहेरून बांधलेला एक डबा. साळूने तिला सरळ स्वयंपाकघरात आणलं. रिवाज मोडला हे तिच्या ध्यानातही आलं नसावं.

"ही माझ्या वर्गात नवीन आलीय," साळू म्हणाली. मग मैत्रिणीकडे वळली. "आणि ही..."

तिथे गाडी अडली. बापाने मावशी म्हणायला सांगितलं होतं, पण साळूने ते नाव आजवर कधी तोंडातून काढलं नव्हतं.

"मी पडदे शिवते," पडदेवाली म्हणाली. "ये बाळा, बस."

मैत्रीण हसली. ती टेबलाकडे बघत होती. आज एका ताटलीत बिटाच्या चकत्या होत्या, काजूची मलई आणि वर मिरपूड. दुसरीत बटाट्याच्या टिक्या.

"साळू म्हणाली की तुमच्याकडे विचारावंच लागत नाही," मैत्रीण म्हणाली. "तुमच्या घरात दूध येतच नाही म्हणे. मला तर आधी खोटंच वाटलं."

"हिला खरंच चालत नाही," साळू पडदेवालीला म्हणाली. "म्हणजे घसा सुजतो. एकदा दवाखान्यात न्यावं लागलं होतं. खरंच."

बोलल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं असावं, कारण तिचे कान लाल झाले. पण पडदेवालीचं तिकडे लक्ष नव्हतं. मैत्रिणीचा हात टिक्यांच्या ताटलीकडे गेला होता. पडदेवालीने झडप घालून ताटली धरली. तिला वाटलं होतं की ताटली सहज आपल्याकडे येईल, पण ती आली नाही. ताटलीच्या दुसऱ्या कडेवर आणखी एक हात होता आणि तोही ती ओढत होता. दोन टिक्या उडून जमिनीवर पडल्या.

"ती नको," साळू म्हणाली. "त्यात लोणी आहे."

पडदेवाली तेच सांगायला तोंड उघडून उभी होती. तिने साळूकडे पाहिलं. साळू ताटलीकडे बघत होती.

"मी काही केलं का?" मैत्रिणीने विचारलं.

"नाही गं राणी, तू काही नाही केलंस," पडदेवाली म्हणाली. "ती दुसरी ताटलीही नको. बिटाला लोणी नाही, पण सुरी तीच होती की दुसरी, ते मला आठवत नाही. आठवत नाही तर चालेल असं मी म्हणणार नाही."

"हरकत नाही," मैत्रीण म्हणाली, आणि तिने दप्तराचा डबा सोडायला घेतला. "मी आणलाय. मला सवय आहे."

ती अगदी समजूतदारपणे म्हणाली, मोठी माणसं म्हणतात तसं. तिने डबा उघडला. आत कोरड्या पोळीची गुंडाळी आणि केळं होतं. साळूने पडदेवालीकडे मान वर करून पाहिलं. इतक्या महिन्यांत तिने असं थेट, काहीतरी मागितल्यासारखं कधी पाहिलं नव्हतं.

"तुझ्या आईचा नंबर पाठ आहे का?" पडदेवालीने मैत्रिणीला विचारलं.

फोनवर मैत्रिणीची आई आधी नकोच म्हणाली. असं बोलावून लोक म्हणतात यात काही नाही, काही नाही, आणि मग निस्तरावं आम्हाला लागतं. तिचा आवाज दमलेला होता. पडदेवालीने मध्ये तोडलं नाही.

"घरात लोणी आहे," ती म्हणाली. "माझ्याच हाताने मी ते आज टिक्यांना लावलंय. जुना तवा, ओव्हनचा ट्रे, विळी, यातलं काहीच मी वापरणार नाही. लग्नात आलेला एक तवा खोक्यात तसाच पडून आहे. तो काढते. तेलाचा डबा नवा फोडते. तुमच्या मुलीसमोर सगळं करते. तुम्ही नाही म्हणालात तर ती केळं खाईल आणि मला राग येणार नाही."

"लोणी आहे हे सांगितलंत," पलीकडून आई म्हणाली. "सहसा सांगत नाहीत." मग तिने कुठलं तेल, कुठला पाव, तिळाची पिशवी उघडी आहे का, सगळं विचारून घेतलं. मुलीकडे औषध आहे ना, याचीही खात्री केली. शेवटी म्हणाली, "बरं. करा."

मग स्वयंपाकघरात धांदल उडाली. पडदेवालीने ओटा साबणाने दोनदा धुतला. कोपरापर्यंत हात घासले. साळूनेही घासले आणि मैत्रिणीला नखं दाखवली. दोन्ही ताटल्या उचलून बाहेरच्या खोलीत गेल्या. खोक्यातला तवा निघाला. त्याच्यावर अजून चिठ्ठी चिकटलेली होती आणि ती नखाने खरवडताना साळूने अशी काही तोंडं केली की मैत्रीण खुदकन हसली.

"बटाट्याच्या करू की भोपळ्याच्या?" पडदेवालीने मैत्रिणीला विचारलं.

मैत्रिणीने साळूकडे पाहिलं, मग पुन्हा पडदेवालीकडे.

"मला विचारताय?"

"टिक्या तुझ्यासाठी आहेत ना?"

"मला कुणी काय हवं ते विचारत नाही," ती म्हणाली. "काय चालतं ते विचारतात." तिने चष्मा नाकावर सरकवला आणि बराच विचार केला. "दोन्ही मागितल्या तर चालेल का?"

"न चालायला काय झालं," पडदेवाली म्हणाली. तिला त्या पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं, पण हात ओले होते.

बटाटे उकडले. मैत्रीण ते निवण्याची वाट पाहत गॅलरीत जाऊन खालची मांजरं बघू लागली. ओट्यापाशी दोघीच राहिल्या. साळू सालं काढत होती. गरम बटाटा या हातातून त्या हातात टाकत होती.

"केव्हा कळलं तुला?" पडदेवालीने हळू आवाजात विचारलं.

"पहिल्याच दिवशी." साळूने मान वर केली नाही. "खिडकी उघडली म्हणून लोण्याचा वास जातो होय?"

"मी तुला बेकरीपाशी पाहिलं होतं. समोरच्या घरात पडदे लावत होते."

साळूचे हात थांबले.

"पफ?" तिने विचारलं.

"पफ. नाकाला लागलं होतं."

साळूने बटाटा ताटात ठेवला. ती रडते की काय, असं पडदेवालीला वाटलं. पण तिने मनगटाने कपाळावरची बट मागे सारली आणि पुन्हा बटाटा घेतला.

"मग तू बोलली का नाहीस?"

"मग तू रोज विचारायचीस कशाला? माहीत होतं तर?"

"मग तू रोज नाही म्हणायचीस कशाला?"

दोघींकडे उत्तर होतं आणि ते एकच होतं. म्हणून कुणीच दिलं नाही. पडदेवालीने सालं गोळा केली. बाहेर मैत्रीण मांजराला हाका मारत होती.

पहिला घाणा निघाला तेव्हा मैत्रिणीने टिकी हातात घेऊन आधी नुसती पाहिली. मग कडेचा एक कण खाल्ला आणि थांबली. तिघीही थांबल्या. पडदेवालीने फोन हाताशीच ठेवला होता. काही झालं नाही. मैत्रिणीने उरलेली टिकी खाल्ली. मग दुसरी. मग ती खुर्ची ओढून टेबलाशी नीट बसली, कोपरं टेबलावर टेकवून, आणि सावकाश खाऊ लागली. तिच्या समोरची खुर्ची रिकामी होती. साळू तिथे बसली. तिच्याही समोर ताटली आली, त्यात बटाट्याच्या दोन, भोपळ्याच्या दोन. ती बोलत होती, वर्गातल्या मास्तरांची नक्कल करत होती, आणि मध्ये मध्ये खात होती. पाणी प्यायला उठण्याची गरज पडली नाही, कारण पाणी टेबलावरच होतं.

लिफ्टवाला घरी आला तो दारातच थबकला. स्वयंपाकघराची खिडकी बंद होती, दिवा लागला होता, आणि टेबलाशी आपली मुलगी ताटलीत खात बसली होती. त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने डोळ्यांनीच सांगितलं की एक शब्द बोलू नकोस. तो पाय न वाजवता आत गेला. बाहेरच्या खोलीत ठेवलेल्या टिक्या त्याला सापडल्या. त्या त्याने उभ्या उभ्या सगळ्या संपवल्या.

मैत्रीण आपल्या आईसाठी चार टिक्या डब्यात घालून घेऊन गेली. साळूने तिला जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत सोडलं. ती परत आली तेव्हा पडदेवाली उरलेल्या बटाट्याचा गोळा मळत होती.

"ती सोमवारी परत येऊ का विचारत होती," साळू म्हणाली.

"मग लोणी घरात नको."

"असू दे की. बाबांना लागतं." साळू आत आली. तिने पिठाच्या डब्यामागे सरळ हात घातला, पाकीट काढलं, पिशवीत गुंडाळलं आणि खुर्चीवर चढून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. मग खाली उतरून, हात धुऊन ओट्यापाशी येऊन उभी राहिली. तिचा खांदा पडदेवालीच्या दंडाला लागला आणि तिथेच राहिला.

"यात मीठ घातलंस का?" तिने विचारलं.

"लक्षात नाही बघ. चाखून बघ."

साळूने बोटाने थोडंसं घेतलं, डोळे मिटून जिभेवर घोळवलं, आणि मिठाची बरणी आपल्याकडे ओढली.